तोतया हुद्दा आणि मित्राचे कर्तव्य

वयाची दोन-चार वर्षे चोरणे, घराण्याची थोरवी वाढवून सांगणे, तरुणपणीच्या आठवणींना तिखटमीठ लावणे, या गोष्टी आपला समाज हसण्यावारी नेत आला आहे. गप्पांच्या बैठकीत कोणी पुराव्याचे कागद मागत नाही, आणि मागूही नयेत. परंतु ज्याच्याशी आपला दहा-पंधरा वर्षांचा स्नेह आहे, जो आपल्या अडीअडचणीला धावून येतो, असा एखादा गृहस्थ आपल्या नावाआधी ‘मेजर’ किंवा ‘कर्नल’ लावतो, लढलेल्या लढायांच्या हकीकती सांगतो, आणि एके दिवशी त्या हकीकतींतील सनावळी जुळत नाही असे आपल्या ध्यानात येते, तेव्हा काय करावे?

प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. हसून सोडून द्यावे, तर ज्यांनी खरोखर रक्त सांडले त्यांच्याशी ती प्रतारणा होते. चारचौघांत जाब विचारावा, तर संशय निराधार ठरल्यास एका प्रामाणिक सैनिकाची अब्रू आपण घेतलेली असते. बहुतेक लोक या पेचातून तिसराच मार्ग काढतात. ते तोंडावर काही बोलत नाहीत आणि पाठीमागे कुजबुजतात. तिन्हींत हा शेवटचा मार्ग सर्वांत हीन होय. कारण त्यात सत्याचाही शोध नसतो आणि मैत्रीचाही मान राखला जात नाही.

लष्करी हुद्दा ही इतर बढायांसारखी खासगी बाब नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताबांची प्रथा रद्द केली. रावबहादूर, रावसाहेब, सर हे सारे इतिहासजमा झाले. मात्र दोन अपवाद घटनाकारांनी जाणीवपूर्वक ठेवले: लष्करी मानदर्शक पद आणि विद्याविषयक पदवी. ‘भारतरत्न’ आणि ‘पद्म’ सन्मान हे किताब नव्हेत, म्हणूनच ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये दिला. म्हणजे या प्रजासत्ताकात ‘भारतरत्ना’लाही जो अधिकार नाही, तो एका साध्या कॅप्टनला आहे. निवृत्तीनंतरही तो सुटत नाही. हुद्दा नावाआधी आणि ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर लिहावा, असा लष्करी संकेत आहे. त्यामागील भूमिका अशी की, अधिकारी निवृत्त होतो, हुद्दा निवृत्त होत नाही. इतका दुर्मीळ मान जो खोटेपणाने उचलतो, तो सर्वांच्या सामाईक ठेव्यातून काही उचलत असतो.

तोतयाला बळ कोण देते?

‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाला इतिहासाने शिकविला आहे, आणि तोही एका सेनापतीच्या निमित्ताने. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनाची खात्री पटेना. या अनिश्चिततेचा लाभ घेऊन भाऊसाहेब म्हणून एक मनुष्य पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळातच तो तोतया ठरून कैदेत पडला होता. तरीही १७७६ साली, ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात तो रत्नागिरीस होता त्याच्याच साहाय्याने तो बाहेर पडला, त्याच्याभोवती फौज जमली आणि कोकणातील कित्येक किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला आणि पुण्यात त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. एका सामान्य माणसाला हे साधले कसे? त्याच्या अभिनयाने थोडे साधले असेल; अधिक साधले ते लोकांच्या इच्छेने. एक पिढी गमावलेल्या समाजाला भाऊसाहेब परत यायला हवे होते. काहींना त्यांच्या नावाचा राजकारणात उपयोगही होता.

युरोपातील प्रसिद्ध उदाहरण याहून विनोदी, पण बोध तोच. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी व्हिल्हेल्म फॉइग्ट नावाच्या एका चांभाराने, ज्याचे अर्धे आयुष्य तुरुंगात गेले होते, जुन्या बाजारातून जमविलेला प्रशियन कॅप्टनचा गणवेश चढविला, रस्त्यात भेटलेल्या शिपायांना हुकूम सोडून बर्लिनजवळील कोपेनिकच्या नगरभवनावर नेले, नगराध्यक्षाला अटक केली आणि तिजोरीतील सुमारे ४००० मार्क घेऊन तो पसार झाला. त्याच्याजवळ हुकमाचा कागद आहे काय, हे कोणी धड विचारले नाही. गणवेशापुढे मान तुकविण्याची सवय लागलेल्या समाजाने आपणच त्याला कॅप्टन केले होते. १९०८ मध्ये खुद्द कैसरने त्याला माफी दिली आणि जर्मनी हसली. परंतु हसताना ती स्वतःलाच हसत होती.

आपल्या नित्याच्या व्यवहारात याचेच छोटे प्रयोग चालतात. गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षपदासाठी ‘कर्नलसाहेब’ हवे असतात, शाळेच्या झेंडावंदनाला ‘मेजरसाहेब’ शोभतात. एकदा खुर्चीवर बसविले की मग त्यांची पलटण कोणती होती हे विचारणे आपल्यालाच संकोचाचे वाटते. म्हणून मित्राविषयी संशय आला की, आपण त्याच्या थापेला आजवर किती खतपाणी घातले, हेही पाहावे.

संशयालाही शिस्त हवी

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ‘कॅप्टन’ म्हणविणारा प्रत्येक अपरिचित मनुष्य तोतया नसतो. सैन्यातील पदांची रचना सामान्य नागरिकास वाटते त्याहून गुंतागुंतीची आहे. जवान म्हणून भरती होऊन सुभेदार किंवा सुभेदार मेजरपदापर्यंत चढलेल्या काही जणांना प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हे पद दिले जाते. १९८७ साली सियाचिनमधील शत्रूचे ठाणे जिंकून परमवीर चक्र मिळविणारे बाणा सिंग त्या वेळी नायब सुभेदार होते. निवृत्तीच्या वेळी त्यांना मानद कॅप्टनपद लाभले. तेव्हा ‘हा तर शिपाई म्हणून लागला होता, कॅप्टन कसा?’ हा प्रश्न विचारणारा अनेकदा आपलेच अज्ञान प्रकट करीत असतो. राष्ट्रीय छात्रसेनेत काम करणाऱ्या प्राध्यापकांनाही लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर अशी पदे असतात. व्यापारी जहाजाचा आणि विमानाचा कप्तान निराळाच. आणि आपल्या सातारा-नगरकडील कित्येक गावांत तर सुट्टीवर आलेल्या कोणत्याही फौजी माणसाला लोक प्रेमाने ‘मेजर’ म्हणतात. त्यात त्याचा काय अपराध?

सेवेचा अल्पकाळ हाही पुरावा नव्हे. १९६२ च्या चीन युद्धानंतर तातडीने हजारो तरुणांना अधिकारपदे देण्यात आली आणि काही वर्षांनी त्यांतील पुष्कळ जण मुक्त झाले. ‘शॉर्ट सर्व्हिस’ पद्धतीने भरती झालेले अधिकारी आजही थोडी वर्षे नोकरी करून बाहेर पडतात आणि त्यांना सामान्यतः निवृत्तिवेतन नसते. म्हणजे निवृत्तिवेतनाचे पुस्तक दाखविता आले नाही म्हणून माणूस खोटा, असे समीकरण मांडता येत नाही. कागदपत्रे नसणे हेही निर्णायक नाही. अमेरिकेतील सेंट लुई येथील सैनिकी दफ्तरखान्याला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांचे सेवावृत्त नष्ट झाले. त्यांतील कितीजणांना पुढे आपले सैनिकपण नव्याने सिद्ध करावे लागले असेल! जळालेल्या कागदाचा दोष ज्याचे नाव त्यावर होते त्याच्या माथी मारणे हा अन्याय होय.

संशयाचा उघड बोभाटा किती भयंकर ठरू शकतो, याचे एक करुण उदाहरण अमेरिकेच्याच आरमारात घडले. ॲडमिरल जेरेमी बूर्डा हे साधा खलाशी म्हणून भरती होऊन नौदलप्रमुखपदापर्यंत पोहोचलेले पहिलेच गृहस्थ. त्यांच्या पदकांच्या फितींवर युद्धातील शौर्य दर्शविणारी दोन बारीक चिन्हे होती. ती लावण्याचा त्यांना अधिकार नव्हता, असा आक्षेप निघाला. ती चिन्हे त्यांनी आधीच काढून टाकली होती. तरीही एका साप्ताहिकाचे वार्ताहर याविषयी विचारणा करण्यास येणार होते त्याच दिवशी, १६ मे १९९६ रोजी, त्यांनी आत्महत्या केली. चिन्हांवर त्यांचा हक्क होता की नव्हता, याविषयी मृत्यूनंतरही दुमत राहिले. मुलाखत मागणाऱ्या पत्रकारांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. नौदलप्रमुखाच्या छातीवरील चिन्हांविषयी विचारण्याचा जनतेला अधिकार आहेच. पण सैनिकाच्या दृष्टीने हा आरोप चोरीच्या आरोपाहूनही जिव्हारी लागणारा असतो, एवढे ध्यानात ठेवूनच तो उच्चारला पाहिजे.

मग पडताळा घ्यावा कसा? पहिले साधन घरबसल्या उपलब्ध आहे, ते म्हणजे साधे गणित. १९७१ च्या डिसेंबरात अधिकारी म्हणून लढलेला मनुष्य आज सत्तरीच्या पुढे असलाच पाहिजे. श्रीलंकेतील शांतिसेनेचा काळ १९८७ ते १९९०, कारगिलचे युद्ध १९९९ च्या मे ते जुलैमधील. वय आणि युद्ध यांचा मेळ बसत नसेल तर संशयाला आधार आहे. दुसरे साधन तपशिलाचे. खऱ्या अधिकाऱ्याला कमिशन कोठे, कोणत्या वर्षी मिळाले, पलटण कोणती, तिचा प्रमुख कोण, हे आठवावे लागत नाही. आणि जवान तर आपला सेवाक्रमांक सहसा विसरत नाही. महाराष्ट्रात पुष्कळांची समजूत आहे की, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडला की मुलगा अधिकारी झाला. वस्तुतः तेथील तीन वर्षांनंतर भूदलाच्या छात्राला डेहराडूनला आणखी एक वर्ष काढावे लागते, आणि कमिशन मिळते ते तेथे. खडकवासल्यालाच खांद्यावर तारे लागल्याचे जो सांगतो, त्याची हकीकत सावधपणे ऐकावी.

तिसरे साधन नोंदींचे. अधिकाऱ्यांच्या नेमणुका भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. शौर्यपदकांची यादी संरक्षण मंत्रालयाने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. परमवीर चक्राचे मानकरी तर आजवर अवघे २१ आहेत. माजी सैनिकांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते आणि त्यांना ओळखपत्र मिळते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचे दफ्तर बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला आहे. या कार्यालयांनी कोणाचीही खासगी माहिती वाटेल त्याला द्यावी असे नाही; पण माणूस स्वतः आपली नोंद सहज दाखवू शकतो. ‘माझे काम इतके गुप्त होते की कागदोपत्री काहीच नाही’ हे उत्तर मात्र ग्राह्य धरू नये. मोहीम गुप्त असू शकते. मोहिमेवर जाणाऱ्याची भरती आणि त्याचा हुद्दा यांची नोंद कोठे तरी असतेच.

कायदा कोठवर पुरेल?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप मित्रांनी कशाला करावा? कायदा आहे ना! कायदा आहे, पण त्याची कक्षा मर्यादित आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम १४० सैनिक नसताना सैनिक भासविण्यासाठी गणवेश वा चिन्ह धारण करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १६८ व्या क्रमांकाने आले असून दंडाची मर्यादा २००० रुपये झाली आहे. लक्षात घ्या, या कलमाला गणवेश किंवा चिन्ह लागते. पैसे उकळले, अधिकाऱ्याची बतावणी करून काही कृत्य केले, तर त्यासाठी निराळी व अधिक कडक कलमे आहेत. पण चहाच्या कपाबरोबर सांगितलेली लढाईची थाप या कलमाच्या कचाट्यात येत नाही.

आणि ती येऊही नये. अमेरिकेने तो प्रयोग करून पाहिला. शौर्यपदक मिळाल्याची नुसती थाप मारणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा तेथे २००६ च्या डिसेंबरात अमलात आला. कॅलिफोर्नियातील एका पाणीपुरवठा मंडळाचे निर्वाचित सभासद झेवियर अल्वारेझ यांनी २००७ साली सभेत सांगितले की, आपण २५ वर्षे नौसैनिक दलात होतो आणि आपल्याला देशाचे सर्वोच्च पदक मिळाले आहे. प्रत्यक्षात ते एक दिवसही सैन्यात नव्हते. त्यांना शिक्षा झाली. परंतु २८ जून २०१२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. असत्य भाषणावरचा उपाय सत्य भाषण हाच होय, असे बहुमताच्या बाजूच्या प्रमुख निकालपत्राचे सूत्र होते. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला तो अशा थापेतून पैसा, मालमत्ता किंवा अन्य प्रत्यक्ष लाभ मिळविण्याचा हेतू असेल तरच लागू होणारा.

ही विभागणी मित्रांच्याही उपयोगी पडावी. खोट्या हुद्द्याच्या बळावर कोणी पैसा उभारीत असेल, माजी सैनिकांसाठी राखलेल्या नोकरीवर वा सवलतीवर हात मारीत असेल, सैन्यात भरती करून देतो म्हणून खेड्यातल्या पोरांकडून रकमा घेत असेल, तर तेथे मैत्रीचा संकोच आड येता कामा नये. असे तोतये अधिकारी पकडले गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वारंवार येतात. गहाण टाकलेल्या जमिनीचा पैसा ज्याच्या खिशात जातो तो मित्र असला म्हणून मौन पाळणे, ही त्याच्या अपराधातील भागीदारी ठरेल. तेथे पोलीस ठाण्याची वाट धरावी.

परंतु ज्याने कोणाला लुबाडले नाही, ज्याला फक्त मान हवा होता, त्याचे काय? त्याचाही लाभ अगदी निरुपद्रवी असतो असे नाही. इतिहासकार जोसेफ एलिस यांची कथा या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे. २००१ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात एका दैनिकाने उघड केले की, व्हिएतनाममध्ये लढल्याचे जे अनुभव ते वर्गात विद्यार्थ्यांना सांगत, ते खोटे आहेत. ते सैन्यात होते हे खरे. पण तो काळ त्यांनी लष्करी अकादमीत इतिहास शिकविण्यात घालविला होता. त्यांनी क्षमा मागितली आणि महाविद्यालयाने त्यांना वर्षभर बिनपगारी निलंबित केले. ज्याच्याजवळ खरी विद्वत्ता होती, खरी सैनिकी सेवाही होती, त्याला खोट्या रणांगणाची गरज का भासावी? याचे उत्तर त्यांनाच ठाऊक. विद्यार्थ्यांचे नुकसान मात्र स्पष्ट आहे: ज्या युद्धाचा इतिहास ते शिकत होते, त्याचा एक खोटा साक्षीदार त्यांच्यापुढे उभा करण्यात आला होता.

एलिस यांच्यासारखी माणसे आपल्याकडेही आहेत, आणि त्यांची थाप कित्येकदा आपल्याच मूल्यांचे प्रतिबिंब असते. सैन्यात कारकून, स्वयंपाकी, वाहनचालक, तंत्रज्ञ म्हणून पंधरा-सतरा वर्षे इमानाने राबलेला हवालदार निवृत्त होऊन शहरात येतो, तेव्हा त्याला कोण विचारतो? त्याच्यासाठी पहारेकऱ्याची खुर्ची तयार असते. ‘कॅप्टन’ म्हटले की तीच माणसे उठून उभी राहतात. अशा समाजात एखाद्या हवालदाराने खांद्यावर दोन-तीन तारे स्वतःच चिकटविले तर त्याचे कृत्य चूकच. पण आपण सेवेपेक्षा हुद्द्याला भाव देतो, याचाही तो पुरावा होय. ही सहानुभूती खोटेपणाला परवाना देत नाही. त्याच पलटणीतील दुसरा हवालदार आपला खरा हुद्दा सांगून त्याच खुर्चीवर बसलेला असतो. शेजारच्या तोतया कॅप्टनला सलाम ठोकताना त्याची जी फसवणूक होते, तिची भरपाई आपण कोणत्या तोंडाने करणार?

म्हणून मित्राचे कर्तव्य दुहेरी आहे. आधी स्वतःच्या संशयाची कसून तपासणी करावी. मानद पद, छात्रसेना, अल्पसेवा, जळालेले दफ्तर, विसरलेली तारीख, या साऱ्या शक्यता चाळून पाहाव्यात. त्यानंतरही खडा राहिलाच, तर इतर कोणाला सांगण्यापूर्वी त्यालाच विचारावे. ‘नाना, तुमची पलटण कोणती होती? कमिशन कोणत्या साली?’ या सरळ प्रश्नाने खरा सैनिक रागावत नाही. उलट आपल्या पलटणीचे नाव घेताना त्याचा आवाज बदलतो. जो दुसरा असेल, त्याला या प्रश्नात उतरण्याची एक पायरीही दिसते. नावाआधीची अक्षरे निमूटपणे काढून टाकण्याची, पुढच्या झेंडावंदनाचे निमंत्रण नाकारण्याची, आणि जे काही खरे असेल ते सांगण्याची ही संधी त्याला इतर कोणी देणार नाही. चव्हाट्यावर उघडा पडलेला मनुष्य सहसा सुधारत नाही. तो गाव बदलतो आणि तेथे नवी पाटी लावतो.

त्याने ती संधी झिडकारली, कागद दाखविण्याऐवजी आवाज चढविला आणि खोट्या मानाने व्यासपीठांवर मिरविणे चालूच ठेवले, तर त्याला मंचावर बसविणाऱ्यांना वस्तुस्थिती कळविणे भाग आहे. त्यात मैत्री तुटेल. ती त्याने पूर्वीच पणाला लावलेली होती. पण तेथवर जाण्याची पाळी फारशी येऊ नये. असा प्रश्न विचारण्याचा अधिकार वार्ताहराला नंतर मिळतो, पोलिसाला त्याहून नंतर. मित्राला तो मैत्रीनेच आधी दिलेला असतो. त्याने तो वापरावा, आणि वापरताना खोलीचे दार तेवढे लोटून घ्यावे.